टाचेवरचा डाग काढला, पुढे काय?



आज आपल्याला तळपायाबद्दल बोलायचं आहे. २०२५ च्या जानेवारीत आपल्या शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस एकाएकी गळायला लागले, तेव्हा साऱ्या जिल्ह्यात बोभाटा झाला. आरोग्य खात्याची पथकं आली, पाण्याचे नमुने गेले, बाहेरून शास्त्रज्ञ आले. डोक्यावरचे केस चारचौघांना दिसतात, म्हणून ते लगेच कळलं. तळपाय कोण पाहतं? तो दिवसभर वावरात असतो, निंदणाच्या वेळी चिखलात असतो, रात्री धुतला की अंथरुणात जातो. टाचेला भेगा, बोटांत चिखल्या, कधी धसकट लागलेलं, कधी काटा आत मोडलेला. या सगळ्यात एखादा काळा डाग वाढत असला, तर तो लक्षात यायला वर्ष निघून जातं.

अशा डागांपैकी एखादा मेलानोमा निघतो. मेलानोमा हा कातडीचा कॅन्सर आहे. आपल्या लोकांत तो फार कमी जणांना होतो, हे आधीच सांगते, म्हणजे कोणी उगीच धास्ती घ्यायला नको. पण ज्या बाईला तो झाला, वेळेत सापडला आणि ऑपरेशनने काढला, तिच्यासाठी आजचं बोलणं आहे. तिच्या सासूसाठी, जावेसाठी, लेकीसाठी आणि तिच्या बचत गटासाठीही आहे. कारण टाके निघाले, जखम भरली, की घरातले म्हणतात, "झालं, सुटलो." सुरुवातीलाच सापडलेला मेलानोमा काढला की बहुतेक जणी खरोखरच बऱ्या होतात. पण पुढची काही वर्षं त्या जागेवर आणि सगळ्या अंगावर लक्ष ठेवावं लागतं. डॉक्टर वर्षातून एकदोनदा पाहतात. बाकीचे दिवस पाहायचं काम आपलं असतं.

हा आजार होतो कसा

आपल्या कातडीला रंग देणाऱ्या बारीक पेशी असतात. त्या बेताल वाढायला लागल्या की मेलानोमा होतो. गोऱ्या लोकांच्या देशांत, उदाहरणार्थ ऑस्ट्रेलियात, हा आजार पुष्कळ आढळतो आणि तिथे त्याचं मोठं कारण ऊन असतं. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत मात्र तो बहुधा ऊन न पोचणाऱ्या जागी होतो. तळपायावर, तळहातावर, नखाखाली, क्वचित तोंडाच्या आत किंवा लघवीच्या जागेजवळच्या नाजूक त्वचेवर. तेव्हा "उन्हातान्हात राबली म्हणून हिला झालं" असं म्हणू नये. हा आजार लागट नाही. एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर झोपल्याने, लेकराला पाजल्याने तो दुसऱ्याला होत नाही. करणी, नजर, मागच्या जन्माचं पाप, यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

जमैका बेटावरचा बॉब मार्ली हा जगभर नाव झालेला गायक होता. १९७७ मध्ये त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलानोमा सापडला. आधी ती फुटबॉल खेळताना झालेली इजा वाटली होती. अंगठा काढण्याचा सल्ला त्याने मानला नाही. आजार पुढे शरीरभर पसरला आणि १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला. पैसा होता, मोठे डॉक्टर होते, तरी नखाखालचा डाग पुढे गेला. म्हणून ज्या ताईचा डाग वेळेत निघाला, तिने मोठी लढाई जिंकलेली आहे. ती जिंकलेली राहावी म्हणून पुढचं लक्ष ठेवायचं.

छोट्या डागासाठी एवढं मोठं ऑपरेशन का

पुष्कळ बाया विचारतात, "डाग तर मुगाएवढा होता, डॉक्टरांनी एवढी कातडी का काढली?" मेलानोमात डाग किती रुंद आहे यापेक्षा तो किती खोल उतरला आहे, याला जास्त महत्त्व असतं. ही खोली मिलिमीटरमध्ये मोजण्याची पद्धत अमेरिकेतले डॉक्टर अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये दाखवून दिली आणि आजही सगळीकडे तीच वापरतात. डाग कातडीच्या अगदी वरच्या थरातच असेल, किंवा आत उतरलेला पण एक मिलिमीटरच्या आत असेल, तर तो सुरुवातीचा समजतात. शाळेच्या पट्टीवर दोन बारीक रेघांमधलं अंतर असतं, तेवढा एक मिलिमीटर.

डागाच्या आजूबाजूला, डोळ्यांना न दिसणाऱ्या, चुकार पेशी राहू नयेत म्हणून भोवतालची चांगली दिसणारी कातडीही काढतात. डाग किती खोल त्याप्रमाणे ती अर्धा ते दोन सेंटिमीटर असते. टाचेवर कातडी ओढून शिवता येत नाही, म्हणून कधी मांडीची कातडी आणून तिथे बसवतात.

ऑपरेशननंतर जो तपासणीचा कागद मिळतो, त्यात ही खोली, डागाला फुटून व्रण झाला होता का, आणि काढलेल्या कडा साफ होत्या का, हे लिहिलेलं असतं. पुढच्या सगळ्या फेऱ्या या कागदावर ठरतात. तो रेशन कार्डासारखा जपा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, मोबाईलवर त्याचा फोटो काढा आणि तो फोटो घरातल्या आणखी एकाच्या मोबाईलवरही ठेवा.

चार ठिकाणी नजर

पायाला जखम पिकली की जांघेत अवधाण येतं, हे आपल्या आज्यांना पक्कं माहीत होतं. जखम टाचेला आणि गाठ जांघेत, असं का? कारण कातडीखालून पाण्यासारख्या रसाच्या बारीक वाहिन्या निघतात आणि त्या पायातून वर जांघेतल्या गाठींपर्यंत जातात. जखमेतली घाण त्या गाठी अडवतात, म्हणून त्या सुजतात. मेलानोमाच्या पेशी सुटल्या, तर त्याही बहुधा याच वाटेने जातात. त्यामुळे कुठे पाहायचं हे ठरलेलं आहे.

पहिलं ठिकाण म्हणजे ऑपरेशनचा वण आणि त्याच्या भोवतीची दोन बोटं जागा. तिथे नवा काळा ठिपका, गुठळी किंवा फुटलेली जागा दिसते का?

दुसरं ठिकाण म्हणजे वणापासून गाठींपर्यंतची वाट. पायाचा डाग असेल तर घोटा, पोटरी, गुडघ्याची मागची बाजू, मांडी. हाताचा असेल तर मनगटापासून काखेपर्यंत. या वाटेवर कातडीत किंवा कातडीखाली ज्वारीच्या दाण्यासारखी बारीक गाठ लागते का, ते हाताने चाचपून पाहायचं.

तिसरं ठिकाण म्हणजे त्या गाठी स्वतः. पायासाठी गुडघ्यामागे आणि जांघेत, हातासाठी कोपराच्या आतल्या बाजूला आणि काखेत, चेहऱ्यासाठी मानेत.

चौथं ठिकाण म्हणजे बाकीचं सगळं अंग. ज्या बाईला एकदा मेलानोमा झाला, तिला दुसऱ्या जागी नव्याने होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. म्हणून दुसरा पाय, दोन्ही तळहात, विसाची वीस नखं, पाठ, डोक्याची कातडी, सगळं पाहायचं.

महिन्यातून एकदा, पंधरा मिनिटं

रोज पाहत बसू नका. रोज पाहिलं तर फरक कळत नाही आणि जिवाला घोर लागतो. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी पाहा. गटाची बैठक दर महिन्याला असते, त्या तारखेच्या आदला दिवस धरला तर विसरायला होत नाही.

दिवसा, उजेडात, दाराशी किंवा अंगणाच्या आडोशाला बसा. पाय आधी कोमट पाण्याने घासून स्वच्छ धुवा आणि पुसून कोरडे करा, कारण भेगांतली माती काळ्या डागासारखी दिसते. मेंदी, आलता आणि नखांचा रंग यांमुळे खालचं काही दिसत नाही. लग्नसराईत किंवा सणाला लावायचं असेल तर जरूर लावा, पण आधी पाहून घ्या आणि मग लावा. नखांचा रंग तपासणीच्या आणि दवाखान्याच्या दिवशी पूर्ण काढलेला हवा.

तळपाय पाहायला हातातला आरसा जमिनीवर ठेवा आणि पाय त्याच्यावर धरा. बोटं एकेक करून फाकवा, मधली जागा पाहा. मग नखं. मग टाचेची कड. पाठ आणि डोकं आपल्याला दिसत नाही, तिथे नवरा, लेक, बहीण, जाऊ, जी जवळची वाटते तिची मदत घ्या. वेणी घालताना भांग पाडत पाडत डोक्याची कातडी सहज पाहून होते. जांघ चाचपायला मात्र दुसऱ्या कोणाची गरज नाही. अंघोळीच्या वेळी, साबणाचा हात असताना, बोटांच्या पेरांनी आपली आपल्याला चाचपता येते. दोन्ही बाजू चाचपा, म्हणजे फरक कळतो.

मोबाईल असेल तर वणाचा आणि लक्ष ठेवायच्या प्रत्येक तिळाचा फोटो काढा. शेजारी शिलाईच्या टेपचा तुकडा ठेवा, म्हणजे माप कळेल. दर वेळी त्याच जागी, तशाच उजेडात, तेवढ्याच अंतरावरून काढा. "मागच्या वेळी एवढाच होता की मोठा झाला?" हा वाद मग फोटोच मिटवतो. डॉक्टरांनाही त्याचा फार उपयोग होतो.

काय दिसलं तर थांबायचं नाही

तिळाचे दोन अर्धे एकसारखे नसणं, कडा वेड्यावाकड्या असणं, एकाच डागात काळा, तपकिरी, करडा, लाल असे वेगवेगळे रंग असणं, ६ मिलिमीटरपेक्षा मोठा होणं म्हणजे पेन्सिलीच्या मागच्या टोकापेक्षा मोठा, आणि महिन्या-दोन महिन्यांत बदलणं, या पाच खुणा आहेत. पाचही असायला हव्यात असं नाही. बदलतोय, एवढी एक खूण पुरे.

तळपायावर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मेलानोमा दर वेळी काळा नसतो. कधी तो लालसर, मांसासारखा दिसतो आणि न भरणाऱ्या जखमेचं सोंग घेतो. कुरूप किंवा भोवरी समजून वर्षभर पट्ट्या लावत बसणाऱ्या बाया असतात. जखम भरत नाही, पुनःपुन्हा रक्त येतं, वाढत चालली आहे, नेमकं काय आहे ते कोणी सांगू शकत नाही, असं दोन महिने चाललं तर तुकडा काढून तपासायला सांगा. ज्या ताईचा आधी मेलानोमा निघालेला आहे, तिने तर दोन महिने वाट पाहायची नाही. तिने त्याच आठवड्यात जायचं.

नखात उभी काळी किंवा तपकिरी रेघ दिसली तर दोन गोष्टी पाहा. आपल्या सावळ्या लोकांत अनेक नखांवर अशा फिक्या रेघा असतात आणि त्या निर्धोक असतात. पण एकाच नखावर नवी रेघ आली, ती रुंद होत चालली, किंवा काळेपणा नखातून बाहेर येऊन भोवतीच्या कातडीवर उतरला, तर दाखवायलाच हवं. ठेच लागून नखाखाली रक्त साकळलं तर तो डाग नखाबरोबर हळूहळू पुढे सरकतो. पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, त्यामुळे धीर धरून फोटो काढत राहा. डाग जागचा हलत नसेल तर ते साकळलेलं रक्त नाही असं समजून डॉक्टरांकडे जा.

गाठीचंही तसंच. काटा रुतून पाय पिकला आणि जांघेत दुखरं अवधाण आलं, तर जखम बरी होते तसं ते उतरतं. पण जखम नसताना आलेली, न दुखणारी, टणक, दोन आठवड्यांत न गेलेली गाठ दाखवलीच पाहिजे. न दुखणारी गाठ म्हणजे साधी गाठ, ही समजूत घातक आहे.

याशिवाय महिनाभर न जाणारा खोकला, दम लागणं, कारण नसताना वजन उतरणं, नवीन सुरू झालेली जोराची डोकेदुखी, हे इतर कशानेही होऊ शकतं. पण डॉक्टरांना सांगताना "माझा मेलानोमा काढलेला आहे" हे वाक्य आधी सांगा. नवा डॉक्टर असेल तर त्याला ते आपोआप कळत नाही. गरोदर ताईने तिळात बदल पाहिला तर "या दिवसांत काळं पडतंच" म्हणून सोडू नये, तेव्हाही दाखवावं.

बिब्बा, चुना आणि ब्लेड

आपल्याकडे तीळ किंवा चामखीळ घालवायला बिब्बा लावतात, चुना-सोडा लावतात, केसाने आवळून बांधतात, ब्लेडने कुरूप कापतात. मेलानोमा झालेल्या बाईने यातलं काहीही करायचं नाही. वरचं जळून जातं, खालचं तसंच राहतं आणि वर वण आल्यामुळे डॉक्टरांनाही खरं काय होतं ते ओळखू येत नाही. बिब्ब्याने तर साध्या कातडीवरही फोड उठतात. संशय असलेला डाग गावातल्या कोणाकडून जाळून घेऊ नका. काढलेला प्रत्येक तुकडा तपासणीला गेला पाहिजे, हे डॉक्टरांनाही विचारून घ्या.

कातडी बसवलेल्या टाचेला स्पर्श नीट कळत नाही. काटा रुतला, निखारा लागला, चप्पल चावली, तरी कळत नाही. म्हणून अनवाणी वावरात जाऊ नका. मऊ रबराची एमसीआर चप्पल मिळाली तर ती चांगली. रात्री पाय धुताना टाच पाहा आणि खोबरेल तेलाचा हात लावा, म्हणजे भेगा पडत नाहीत. जांघेतली गाठ तपासायला काढलेली असेल आणि पाय सुजत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

दवाखान्याच्या फेऱ्या

डाग अगदी वरच्या थरातला असेल तर साधारण वर्षातून एकदा बोलावतात. आत उतरलेला पण पातळ असेल तर पहिली पाच वर्षं ६ ते १२ महिन्यांनी, आणि काही डॉक्टर सुरुवातीला त्याहून लवकर बोलावतात. आजार परत यायचा तर बहुधा पहिल्या काही वर्षांत येतो, म्हणून त्या काळात फेरी चुकवायची नाही. कधी तो उशिराही येतो, म्हणून महिन्याची घरची तपासणी जन्मभर चालू ठेवायची.

डॉक्टर वण पाहतात, वाट आणि गाठी चाचपतात, सगळं अंग पाहतात. पुष्कळ जणींना वाटतं, एवढ्या लांब गेलो आणि स्कॅन केलाच नाही, नुसता हात लावून घरी पाठवलं. सुरुवातीच्या मेलानोमात, काही त्रास नसताना, दर फेरीला स्कॅन आणि रक्त तपासायची सहसा गरज नसते. नीट नजरेने आणि हाताने तपासणं हीच इथली मुख्य तपासणी आहे. उलट, डॉक्टरांनी चपला-मोजे काढायला सांगितलेच नाहीत, तर आपणच म्हणावं, "डॉक्टरसाहेब, पायही पाहा."

पहिली पायरी आपल्या उपकेंद्राची. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडून ई-संजीवनीवर मोठ्या डॉक्टरांशी बोलता येतं, फोटो दाखवता येतो. आशाताई तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबद्दल विचारायला येते तेव्हा पायाची गोष्ट त्या यादीत नसते. ती आपणच काढायची. पुढे बुलढाण्याचं जिल्हा रुग्णालय, अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांचा समावेश आहे. त्यात तुमचं काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

तिकिटाचा खर्च हे फेरी चुकण्याचं मोठं कारण असतं. एसटीत बायांना २०२३ च्या मार्चपासून निम्मं तिकीट आहे. मलकापूर, नांदुरा, शेगावहून रेल्वेने जाणाऱ्यांनी हे जाणून ठेवा, की कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी आणि ठरावीक तपासणीसाठी जातानाही रेल्वेच्या तिकिटात सवलत आहे, सोबतच्या एका माणसालाही आहे. त्यासाठी डॉक्टरांचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. तो पहिल्याच फेरीत मागून घ्या.

गटाने काय करावं

घरात बाईची फेरी सगळ्यांत आधी मागे पडते. पेरणी आली, लेकीची परीक्षा आली, सासऱ्यांना बरं नाही, की "पुढच्या महिन्यात जाऊ." ती एकटी हे सगळ्यांना सांगत बसू शकत नाही. तिची इच्छा असेल तर गटाच्या वहीत कर्जाच्या हप्त्यांसारखी तिच्या फेरीची तारीख लिहा. बैठकीत "यंदाची तपासणी झाली का?" एवढं विचारा. तिच्यासोबत जायला दर वेळी एक जण ठरवा. त्या दिवशी तिचं लेकरू कोण सांभाळेल तेही ठरवा. आणि तिच्या आजाराची गोष्ट तिच्या परवानगीशिवाय बैठकीबाहेर जाऊ देऊ नका. "कॅन्सरवाली" हा शब्द एकदा गावात पडला की लेकीच्या सोयरिकीपर्यंत पोचतो, आणि मग बाया दवाखान्यातच जायचं सोडतात.

ज्यांना काही झालेलं नाही, त्यांनीही पुढच्या बैठकीच्या आदल्या दिवशी पाय धुऊन एकदा दोन्ही तळवे उजेडात पाहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे पाय तुम्ही पाहा, त्यांना खाली वाकवत नाही. बहुतेकींना भेगाच दिसतील. एखादीला जुना तीळ दिसेल, त्याचा फोटो काढून ठेवा. कोणाला बदलणारा डाग दिसला, तर सोयाबीनची सोंगणी व्हायची वाट पाहू नका.